मोकळा रकाना

सदाआण्णा गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, सुजातानं केला. "ताई, पुण्यानुमोदनाला या. बाबा तुमचं नाव लई घ्यायचे." मला रडू यायला हवं होतं. आली ती लाज...

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आण्णा कास्टिंगची, म्हणजे ओतीव लोखंडी भागांची, हार्डनेस तपासायचे. तिथला प्रोग्रॅम मी लिहिलेला. आण्णांच्या वहीतले आकडे संगणकात भरले, की त्यांच्या नावानं मालाचं सर्टिफिकेट छापून यायचं. तपासणीचं मशीन बंद असलं की आण्णा वहीत सरळ लिहायचे, "तपासलं न्हाई". संगणकात तो रकाना मोकळा राहायचा आणि माझा प्रोग्रॅम तिथंच आडवा व्हायचा. "ताई, तुमचं यंत्र रिकाम्या पोटी चालत न्हाय की!" असं म्हणून ते मोठ्यानं हसायचे.

'मोकळा असेल तर हे, नसेल तर ते' अशा चार-चार ओळी प्रत्येक रकान्याला लिहून मी वैतागले होते. तेवढ्यात त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची नवी आवृत्ती आली. तिच्यात नुसती दोन प्रश्नचिन्हं टाकायची. डावीकडचा आकडा नसेल तर उजवीकडचा घेतला जाई. चार ओळींची एक झाली. उजवीकडे मी १९० टाकलं, म्हणजे माल पास करणारा आकडा. नंतर बदलू म्हटलं... कसलं नंतर! प्रोग्रॅम अडेना, आणि मी आपल्या हुशारीवर खूश.

काही महिन्यांनी गिऱ्हाइकाकडून कास्टिंग तडकून परत आली. सर्टिफिकेटवर १९० आणि खाली आण्णांचं नाव. "साहेब, म्या हे लिवलं न्हाय," म्हणत आण्णांनी वही पुढं केली. साहेब म्हणाले, "वही मागनं बी लिवता येती." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "काय मॅडम, संगणक चुकतो काय?"

मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी म्हणाले, "जे भरलं तेच छापतो, सर."

आण्णांना लॅबमधनं काढून यार्डात माल मोजायला बसवलं. मी त्याच आठवड्यात ती ओळ गुपचूप बदलली. मोकळ्या रकान्यापुढं 'तपासणी नाही' छापून यायला लागलं. एकदा गेटवर आण्णा भेटले. "आता कागद बरोबर येतोय न्हवं, ताई?" एवढंच म्हणाले. त्यांना सगळं उमगलं होतं. मी मान खाली घालून रिक्षात बसले. पाय धरायला हवे होते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सुजातानं कपाटातून ती वही काढली. आण्णांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. तिनं नेमकं तेच पान उघडलं. "ताई, तुम्ही तिथं होता. बाबांनी खरंच खोटा आकडा भरलेला काय हो?" मी चहाचा कप तोंडाला लावला आणि निघून आले. दुसऱ्यांदा.

सुजाता, ते पान पुन्हा उघड. "तपासलं न्हाई" हे तुझ्या बाबांचं अक्षर आहे, आणि ते खरं आहे. १९० मी लिहिलं होतं.