तुंबलेली नळी

शिवलीलाच्या पर्समध्ये कात्री, कागदी चिकटपट्टी, बारीक नळ्यांची पाकिटं आणि बाळाचा एक जुना मोजा असतो. आईचं आटलेलं दूध परत आणायला सामान म्हणून एवढंच लागतं; उरलेलं कुठल्या दुकानात मिळत नाही. ती मूळची निपाणीची. इंदिरानगरातल्या एका नर्सिंग होममध्ये नवजात बाळांच्या खोलीत तिची उमेदीची वर्षं गेली, आता ती स्कूटरवरून घरोघरी जाते. काय करता, असं कोणी विचारलं तर 'नर्स' म्हणून मोकळी होते. खरं सांगितलं की पुरुष भिंतीकडे बघायला लागतात.

हेब्बाळला तळ्याच्या बाजूच्या एका फ्लॅटमध्ये तिला सोनम भेटली. बाळंतपणामागोमाग पित्ताशयाचं ऑपरेशन, मग ताप, मग बाटली. त्या धावपळीत दूध आटलं. जीव वाचला म्हणून सगळे सोनमला नशीबवान म्हणत होते. सोनमला एवढंच दिसत होतं, की छातीशी धरलं की मुलगी पाठीची कमान करून तोंड फिरवते.

"ती मला ओळखतच नाही," ती म्हणाली. ऑफिसात कामाची तारीख पुढे गेल्याचं सांगावं, तशा आवाजात.

नवरा यशोवर्धन पुण्याचा. पंपाच्या बाटलीत रोज किती दूध जमलं याचा त्यानं आलेख केला होता. आलेख जमीन सोडत नव्हता, पण रंगसंगती उत्तम होती. शिवलीलानं पहिलं काम केलं ते म्हणजे त्या बाटलीवर मोजा चढवला.

"अहो, मग कळणार कसं?"

"कळायलाच नको की. बाटलीकडं बघत बसलं की येणारं पण थांबतंय. तुम्ही पावडर कालवा सर, लई मोठं काम आहे ते."

कालवलेलं दूध वाटीत. नळीचं एक टोक वाटीत बुडवलेलं, दुसरं आईच्या छातीला, बाळाच्या तोंडाशी चिकटवलेलं. बाळ ओढतं, दूध वाटीतून येतं. बाळाला वाटतं, आई देतेय. आणि बाळ ओढतंय म्हटल्यावर आईच्या शरीरालाही हळूहळू तेच वाटायला लागतं. दोघींना एकदम फसवायचं, असं शिवलीला म्हणते. पोट मात्र भरलेलं हवं, म्हणून बाळाच्या वजनावर डॉक्टरांचं लक्ष होतं.

मुलगी छातीशी टिकू लागली. दुधाचा पत्ता नव्हता. चिकटपट्टीनं सोनमची कातडी लाल झाली, आणि एका दुपारी ती म्हणाली, "अक्का, बास. आज शेवटचं."

"सरी, ठीक आहे," शिवलीला म्हणाली. थकलेल्या बाईशी ती वाद घालत नाही. तिनं नेहमीसारखी पट्टी कापली, नळी लावली, मुलीला जवळ दिलं.

थोड्या वेळानं वाटी धरून बसलेला यशोवर्धन कुजबुजला, "पातळी हलत नाहीये. ब्लॉक झालंय काहीतरी."

शिवलीलालाही तेच वाटलं. आता पोरगी रडणार, आणि शेवटचा दिवस असा जाणार. तिनं वाटीतलं टोक उचलून उजेडात धरलं. आत पावडरीची गुठळी अडकली होती, घट्ट बूच बसवल्यासारखी.

"नीट कालवलं नाहीत सर."

"कालवलं होतं!"

पण मुलगी रडत नव्हती. ओढत होती, थांबत होती, गिळत होती. गिळल्याचा तो बारीक आवाज खोलीत तिघांनाही ऐकू येत होता. शिवलीला तुंबलेली नळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. कितीतरी घरांत तिनं हे पाहिलं होतं, आणि दर वेळी तिला वाटायचं, आपण आत्ता इथे असायला नको होतं, कोणाच्या तरी देवघरात चपलांसकट शिरलो आहोत, असं काहीतरी.

"अक्का," सोनम हळूच म्हणाली, "दुसऱ्या बाजूनं कुर्ता भिजलाय." मग तिनं त्या बंद नळीकडे पाहिलं. "मग ही पितेय काय?"

यशोवर्धननं सवयीनं नोंद करायला फोन काढला, आणि तसाच खिशात ठेवला.

मुलीनं मूठ उघडून आईच्या छातीवर टेकवली. सोनम तिच्या गळ्याच्या हालचालीकडे बघत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "उद्या येताय ना?"