चतकोर भाकरीचा पाठ

फोन अक्काच्या नंबरवरून आला आणि आवाज अक्काचा नव्हता. मी तेव्हा देगलूरजवळच्या एका शेतात जुन्या जनरेटरशेजारी उभा होतो. माल मला पसंत पडला होता, म्हणूनच मी तोंड वाकडं करून तो बघत होतो. "मामा, मी कोमल मॅडम बोलते, बाईंच्या शाळेतली," पलीकडून आवाज आला. "बाईंना लातूरला दवाखान्यात आणलंय. तुम्ही निघा." काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही निघा फक्त…" समोरचा माणूस वाक्य कुठं सोडतो आणि का सोडतो, हे ओळखण्यावर माझं पोट चालतं. मला तिथंच कळलं. लातूरला पोचलो तेव्हा तिच्या अंगावर चादर ओढलेली होती, आणि डॉक्टर अगदी सरळ आवाजात मला म्हणाले, "हृदयाची झडप बदलावी लागेल असं आम्ही यांना दिवाळीआधीच सांगितलं होतं. घरी बोलल्या नाहीत का?"

नाही बोलली. अक्काला जाऊन आता काही आठवडे झाले, आणि मी अजून त्याच प्रश्नापाशी उभा आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरला आहे. आयुष्यभर पंप आणि मोटारींचा धंदा केला. तळाची झडप गळायला लागली की पंप कसा धापा टाकतो, हे मला रस्त्यावरून जाताना ऐकू येतं. सख्ख्या बहिणीची झडप मात्र मला ऐकू आली नाही, कारण तिनं ती ऐकू येऊ दिली नाही. त्यासाठी तिनं माझ्याशी लबाडी केली, आणि लबाडी माझ्यापेक्षा बरी जमवली.

सुमनअक्का माझ्याहून बरीच मोठी. किल्लारीच्या भूकंपात आई गेली, बाप त्यानंतर घरात असून नसल्यासारखा झाला. पुनर्वसनाच्या पत्र्याच्या खोलीत मला वाढवलं ते अक्कानं. ती डी.एड. होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. मी दहावीत आपटलो आणि नांदेडला जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरायच्या दुकानात राहिलो. पुढं विष्णुपुरीच्या रस्त्याला स्वतःचं दुकान टाकलं. जुन्या मोटारी, पंप, जनरेटर घ्यायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. अक्का त्याला कायम "विल्याचं भंगार" म्हणायची. नवरा लवकर गेल्यावर ती औशात दोन खोल्या घेऊन एकटीच राहिली. माझ्याकडं ये म्हटलं, तर म्हणायची, "तुझ्या घरात दर-भावाच्या बोलण्याशिवाय दुसरा आवाज निघत न्हाई. मी काय करू तिथं?" मला तिनं घरी शिकवलं तेव्हा प्रश्न विचारून वाट बघण्याची तिची रीत नव्हती. उत्तर आलं नाही की हात उठायचा. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढं लोकांनी तिच्याबद्दल वेगळंच सांगितलं.

हीच अक्का मोबाईलला भ्यायची. भ्यायची म्हणजे खरोखर भ्यायची. रोजची हजेरी आणि खिचडीची माहिती मोबाईलवरून वर पाठवायची वेळ आली की ती तो दुसऱ्या शिक्षकाच्या हातात द्यायची आणि स्वतः पटांगणात जायची. मी एकदा चिडवलं, तर म्हणाली, "फळ्यावर चुकलं तर डस्टर हाय. ह्यात चुकलं की मुंबईला कळतं." टाळेबंदीत शाळा मोबाईलवर गेली. तिला तास सुरू करता येईना. बोटाला घाम यायचा, नको तिथं दाबलं जायचं, पडद्यावर पोरं दिसायची आणि हिचं चित्र काळं. थोड्याच दिवसांत पालकांनी तिच्या वर्गातली पोरं एकेक करून दुसऱ्या तुकडीच्या तासाला बसवली. एका पोराचा बाप रस्त्यात भेटून म्हणाला, "बाई, तुमच्यासारखं शिकवणारं कुणी न्हाई. पण तुम्ही दिसतच न्हाईत." त्या माणसाच्या मनात वाकडं काही नव्हतं. अक्कानं ते वाक्य मला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती, आणि परातीतलं पीठ वाळेपर्यंत थापायची थांबून राहिली…

पुढं शिक्षकांना वरच्या वेतनश्रेणीसाठी मोबाईलवरचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. व्हिडिओ बघायचे, प्रश्न सोडवायचे, स्वाध्याय चढवायचे आणि शेवटी स्वतःच्या एका पाठाचं चित्रीकरण पाठवायचं. पहिल्या तुकडीत तिनं नाव घातलं आणि भीतीनं एकदाही ते उघडलं नाही. मुदत गेली. तिच्याबरोबरचे सगळे पास झाले. कसे झाले हे तालुक्यात कुणापासून लपलेलं नव्हतं. एक कॉम्प्युटरवाला मास्तरांचा पासवर्ड घेऊन सगळं स्वतःच करून द्यायचा, पाठाचं चित्रीकरण सोडून. दुसऱ्या तुकडीची नावं निघाली तेव्हा मी त्याच्याकडं जाऊन बसलो, अजून गिऱ्हाईक आणतो म्हणून लालूच दाखवली आणि त्याचा दर निम्म्यावर आणला. मग ऐटीत अक्काकडं गेलो.

"झाली का घासाघीस?" तिनं विचारलं.

"झाली. तुझा पासवर्ड दे फक्त."

"त्याला सांग, बाई न्हाई म्हणल्या."

"अक्का, अख्खा तालुका असंच करून राहिलाय."

"करू दे. तू दहावीला बसलास तवा मी बसले का तुझ्या जागी?"

"बसली असतीस तर पास झालो असतो की."

ती हसली, पण पासवर्ड दिला नाही. मी भडकलो. भाऊ म्हणून नाही, धंदेवाला म्हणून भडकलो. ठरलेला सौदा मोडल्यावर बाजारात माझं तोंड राहत नाही. तिच्या दारात उभा राहून मी जे बोललो ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. ती म्हणाली, "वरड. पण माझ्या नावानं दुसरा शिकला तर पोरांना मी दिसंन का?" सौदा जमत नसला की मी निघून जातो. गेलो.

तिला शिकवलं माझ्या बायकोनं, रेखानं, नांदेडहून फोनवर, मी दुकानात असताना. शाळेत कोमल मॅडमनी, ज्या वयानं तिच्या लेकीसारख्या. मला हे कोर्स निम्म्यावर आल्यावर कळलं, तेही दुधामुळं. झालं असं, की व्हिडिओतले साहेब आपल्याला बघतात अशी अक्काची पक्की समजूत होती. मधेच उठलं तर तशी नोंद होते, असं शिक्षकांत कुणीतरी पसरवलेलं. त्यामुळं ती शाळेत जायचं पातळ नेसून, मोबाईल डब्यांना टेकवून, ताठ बसायची आणि मधूनमधून "होय सर" म्हणायची. एक दिवस चुलीवरचं दूध उतू गेलं, जळालं, खोलीत धूर झाला, तरी ही उठली नाही. रेखानं मला हे सांगताना हसून हसून डोळे पुसले. मग म्हणाली, "आता नका चिडवू हं. आज त्यांनी स्वाध्याय कुणाला न विचारता पाठवला."

त्यानंतर तिची भीती उतरत गेली, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं. ती मला मराठीत टाईप करून निरोप पाठवायला लागली. एकदा माझ्या दुकानाच्या पाटीचा फोटो पाठवला, तीत शुद्धलेखनाच्या चुकांभोवती लाल गोल काढलेले. ते गोल काढायला ती कुठं शिकली देव जाणे. मुख्याध्यापकांच्या मोबाईलवर काही अडलं की तेच आता तिला हाक मारायचे. ती जाताना म्हणायची, "सर, भ्यायचं न्हाई. ह्यात मागं यायचा बाण असतो." मला वाटलं, बाई जिंकली. तेव्हा तिच्या पायांना सूज होती. जिन्यात ती मधेच कठड्याला धरून उभी राहायची. मी विचारलं, तर म्हणाली, "वय झालं. दिसत न्हाई का?" डॉक्टरांची भेट तोवर होऊन गेली होती. झडपेचं तिला माहीत होतं. मला सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी गाडीत घालून नेलं असतं आणि मोबाईल कपाटात कुलूपबंद केला असता. तिचं गणित बरोबर होतं. मुदत पुन्हा गेली असती, पुढची तुकडी कधी निघेल याचा भरवसा नव्हता, आणि निवृत्ती जवळ आली होती.

राहिलं होतं पाठाचं चित्रीकरण. एका रविवारी मी किल्लारीकडून एक मोटार टेम्पोत घालून परत येत होतो. अक्कानं फोन करून शाळेत बोलावलं. मोबाईल उभा करायची काठी मोडली होती, कोमल मॅडम गावाला गेल्या होत्या, धरायला कुणीतरी हवं होतं. वर्ग रिकामा. टेबलावर ताट, ताटात ज्वारीची भाकरी. अपूर्णांकांचा पाठ. समोर पोरं बसली आहेत असं धरून ती बोलायला लागली. भाकरी मोडून अर्धी केली. अर्धीची अर्धी केली. "ही झाली चतकोर," ती म्हणाली. मग चतकोर बाजूला काढून ताट पुढं केलं आणि विचारलं, "आता ताटात किती राहिली?" आणि तिथं ती थांबली. पहिल्या खेपेला थांबली ती पुढं बोललीच नाही. दुसऱ्या खेपेला तिथंच. तिसऱ्यांदाही. माझा हात भरून आला होता, खाली टेम्पोवाला भोंगा वाजवत होता. मी ओरडलो, "अक्का, मोबाईल हाय, वाघ हाय का? एवढा कोर्स केलास आणि अजून भ्यायलीस?"

तिनं टेबलाला धरलं. माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "हाव रे. भ्याच वाटायलं. जरा थांब."

ही ती लबाडी. तिला भीती उरलेली नव्हती. पण ती मला ओळखून होती. दम लागलाय म्हणाली असती तर मी मोबाईल खाली ठेवला असता. भीती वाटते म्हणाली की मी फक्त चिडणार, आणि चिडलेला विल्या काम पुरं करून घेतो, हे तिला लहानपणापासून माहीत. जी भीती घालवायला तिनं वर्षभर जिवाचं रान केलं, तीच त्या दिवशी तिनं पदरासारखी पुढं ओढून घेतली. मी बाजारात भल्याभल्यांचे चेहरे वाचतो. तिचा वाचता आला नाही, कारण समोर आलेलं कारण मला आधीच पटलेलं होतं. शेवटच्या खेपेला ती प्रश्न विचारून थांबली, बराच वेळ थांबली, आणि मग शांत आवाजात पुढचं बोलून पाठ पुरा केला. मी म्हटलं, "चला, सुटलो." ती म्हणाली, "हाव. सुटलो."

ती पास झाली. तिच्या पाठावर वरून शेरा आला की प्रश्न विचारल्यावर विद्यार्थ्यांना विचार करायला दिलेला अवधी विशेष उल्लेखनीय आहे. लातूरच्या प्रशिक्षणात तो पाठ नमुना म्हणून दाखवला गेला. तिनं मला तो शेरा वाचून दाखवला आणि इतकी हसली की खोकला आला. शस्त्रक्रिया तिनं उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवली होती, असं आता डॉक्टर सांगतात. सुट्टीपर्यंत पोरांचा अभ्यासक्रम पुरा झाला असता. सुट्टी लागायच्या आधीच, एका सकाळी शाळेत परिपाठ चालू असताना ती खाली बसली…

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे आमच्याकडच्या शोकसभेला, बुद्धवंदना झाल्यावर लोक बोलायला उभे राहिले. प्रशिक्षणातले एक साहेब आले होते. ते म्हणाले, "मुलांच्या उत्तराची वाट कशी बघावी, हे सुमनबाईंनी आम्हाला शिकवलं." सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या ओठांवर आलं होतं, की साहेब, ती वाट बघत नव्हती, ती श्वास शोधत होती, आणि मोबाईल माझ्या हातात होता. रेखानं माझा हात दाबला. मी ते गिळलं. त्या दिवशी मला अक्काचा राग सगळ्यात जास्त आला. तिनं मला एक खरी गोष्ट देऊन ठेवली होती, आणि ती कुणाला सांगायची सोय ठेवली नव्हती.

मागच्या आठवड्यात तिचं शाळेतलं कपाट रिकामं करायला औशाला गेलो. खडूचे डबे, एक शाल, पाण्याची बाटली. सामान पिशवीत भरून व्हरांड्यातून निघालो, तर तिच्या वर्गात कोमल मॅडम शिकवत होत्या. आता तो वर्ग त्यांच्याकडं आहे. त्यांनी फळ्यावर गोल काढून त्याचे भाग केले होते. त्यातला एक पुसला आणि पोरांकडं वळून विचारलं, "आता किती राहिलं?" आणि त्या थांबल्या. अगदी अक्काइतक्या. एका पोरानं हात वर करून परत खाली घेतला. त्यांनी घाई केली नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. पिशवी हातात घेऊन मी दाराशी उभा राहिलो, आणि नकळत त्यांच्या छातीकडं, टेबलावरच्या हाताकडं बघत राहिलो. हात सैल होता. श्वास नीट चालला होता. त्यांना काहीच झालं नव्हतं. त्या पोरांची वाट बघत होत्या.