दिवे लागायच्या आत बेंगळुरू

आमच्या घरात लेकीचं अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आजोबांपासून चालत आलेला नियम एकच: सकाळी चाकूरहून निघायचं, लेकीच्या हातचा चहा प्यायचा आणि दिवे लागायच्या आत माघारी यायचं. हे जिथं जमत नाही तिथं लेक द्यायची नाही, नोकरीला धाडायची नाही. या नियमापायी माझ्या दोन्ही आत्या लातूर जिल्ह्यातच राहिल्या.

आणि मला नोकरी लागली बेंगळुरूला. मी घाईघाईनं मोबाइलवर नकाशा दाखवला. "नांदेडहून विमान आहे, आण्णा. साडेसहाशे किलोमीटर, दीड तास."

"दीड तास? उमरीला जायाला याहून जास्त लागतंय," ते म्हणाले. "म्या सोता येऊन बघतो. जमलं तर ऱ्हा, न्हाई तर बॅग भरायची."

मी अतिशहाणी. सांगितले ते फक्त हवेतले तास. चाकूर ते नांदेड एसटी, विमानतळावर दोन तास आधी हजेरी, यातलं काहीच धरलं नव्हतं. आण्णांनी मात्र यायला वैशाख निवडला. दिवस मोठा असतो म्हणून, हे मला फार उशिरा कळलं.

आण्णा आले ते कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात धपाट्यांचा डबा. माझी खोली विमानतळापासून दोन तासांवर, म्हणून मी चहा थर्मासात भरून तिथंच नेला होता. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी तो फुंकून फुंकून प्यायला. शेजारच्या अनोळखी माणसाला मराठीतच सांगितलं, "लेक हाय माझी. हितं नौकरीला हाय." त्याला एक अक्षर कळलं नसेल, पण माझी मान ताठ झाली.

परतीचं विमान अडीच तास उशिरा सुटलं. सूर्य मावळला तेव्हा आण्णा अजून नांदेडलाही उतरले नव्हते. मी खोलीवर आले, बॅग काढून पलंगावर ठेवली आणि रडले.

साडेनऊला त्यांचा फोन आला. आवाज खणखणीत. "पोचलो बघ. दिवे लागायच्या आत."

"आण्णा, साडेनऊ झालेत."

"घड्याळाचं कोण इचारतंय? तुझ्या मायला इचार, दिवा लागलाय का."

फोन आईकडे गेला. ती वैतागलेली होती. "कुठला लागतोय! इमान लेट हाय म्हणून कळलं तसा यांचा फोन, की मी आल्याबिगर दिवा लावायचा न्हाई. देवापुढचा न्हाई आन् बल्बबी न्हाई. संध्याकाळपासनं अंधारात बसून राहिले मी. शेजारीण दोनदा इचारून गेली, लाईट गेली का म्हणून."

आयुष्यात कधी खोटं न बोललेला माझा बाप. शब्दही मोडला नाही आणि मलाही परत बोलावलं नाही. असा बाप कुणाला मिळतो, सांगा.

"आता तरी लावू का गं?" आईनं विचारलं.

मी बॅग पलंगाखाली सारली. "लाव, माय," मी म्हटलं.