उजव्या छातीवरची पदके

आमच्या दादाला स्वतःच्या पदकांचा अभिमान होता, असे मी म्हणणार नाही. त्याला त्यांच्या जागेचा अभिमान होता. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावरही दर प्रजासत्ताक दिनी तो आरशासमोर उभा राहून कोटावरच्या पदकांची रांग न्याहाळे आणि वहिनीला विचारी, "सरळ हाय काय वं?"

"भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं हाय," वहिनी म्हणे. "तुमची पदकं सरळ हायेत. चला आता."

मी शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर नंदनवन वस्तीतल्या आमच्या वाचन मंडळात अधूनमधून व्याख्यान देते, आणि प्रत्येक व्याख्यान आधी दादाला ऐकवते. तह आणि तारखा मी सांभाळायच्या, तोफा आणि छावण्या त्याने, अशी आमची वाटणी आहे. या उन्हाळ्यात मी एका प्रशियन सेनापतीची लष्करी कारकीर्द आणि त्याची पदके हा विषय घेतला होता. टिपणे तयार होती. त्याच आठवड्यात दादा कूलरमध्ये पाणी भरताना स्टुलावरून पडला.

सुरुवातीला डोक्याला टेंगूळ आले, एवढेच वाटले. पुढे बोलणे अडखळू लागले, तेव्हा त्याला धंतोलीतल्या इस्पितळात नेले. मेंदूवर साचलेले रक्त शस्त्रक्रिया करून काढले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. दादा मात्र व्यवस्थित परतला नाही. डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत राही. डॉक्टरांनी गावाचे नाव विचारले, तर नोकरीतल्या जुन्या छावणीचे सांगितले, "पठाणकोट". वहिनीकडे वळून म्हणाला, "सिस्टर, पानी."

वहिनीने पाणी दिले. मग बाहेर येऊन बाकावर बसली. सोबत आणलेला डबा तिने उघडलाही नाही.

"सूज उतरेल तसे कळेल," डॉक्टर म्हणाले. "किती परत येईल, हे आज सांगता येणार नाही. त्यांच्या ओळखीच्या गोष्टी बोलत राहा."

ओळखीची गोष्ट म्हणजे आमचे व्याख्यान. दुसऱ्या दिवशी दुपारी मी टिपणे आणि गुंडाळलेला तक्ता घेऊन गेले. तक्त्यावर सेनापतीचे चित्र होते. शाळेतल्या सवयीने मी ते पारदर्शक कागदावर छापून घेतले होते आणि मग तक्त्यावर उतरवले होते. तक्ता पलंगाच्या पायथ्याच्या दांडीला चिमट्यांनी अडकवला आणि मी वर्गात उभी राहते तशी उभी राहिले.

सेनापती लहानपणीच लष्करी शाळेत दाखल झाला, हे सांगितले. डेन्मार्क, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स यांच्याशी झालेल्या तिन्ही युद्धांत तो लढला, हेही सांगितले. मग पदकांकडे वळले. गळ्यातला निळा क्रॉस हा प्रशियाचा मोठा मान. पण त्यावरची अक्षरे फ्रेंच. म्हणजे ज्या फ्रेंचांशी लढायचे, त्यांचीच भाषा गळ्यात. छातीवरचा काळा क्रॉस लोखंडाचा. तो मुद्दाम लोखंडाचा ठेवला, कारण तो पहिल्यांदा काढला तेव्हा देश हलाखीत होता आणि बायकांनी युद्धासाठी अंगावरचे सोने दिले होते. शिपायाला आणि सेनापतीला क्रॉस सारखाच. एरवी या वाक्यावर दादाने मांडीवर थाप मारली असती. आता तो नुसता तक्त्याकडे पाहत होता.

वहिनी हळूच म्हणाली, "राहू द्या बाई. थकतीन ते."

मी चिमटा काढायला वाकले, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"हा जिता हाय का मेला?"

"कोण, दादा?"

"हा तुहा जनरल."

"तो तं कधीचाच मेला."

"अवं, चित्रात विचारून राहिलो मी. चित्रात जिता हाय ना?"

"चित्रात जिताच हाय."

"मंग पदकं उजवीकडं काहून लावली यानं? बापाची लावून आला काय?"

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या सैन्यातला रिवाज असा, की स्वतः मिळवलेली पदके डाव्या छातीवर लावायची. सैनिक वारला आणि त्याची पत्नी किंवा मुलगा समारंभात त्याची पदके लावून आला, तर ती उजवीकडे. पाहणाऱ्याला न विचारता कळते, की हा मान दुसऱ्याचा आहे आणि तो दुसरा आता नाही. मी कागद उलटा ठेवून चित्र उतरवले होते. नकाशा असता तर चूक मला लगेच दिसली असती. माणसाच्या चेहऱ्यात ती लपून राहिली, आणि पदके मुकाट्याने उजवीकडे गेली.

मास्तरीण म्हणून मी मनातल्या मनात त्याच्या प्रश्नाचे भाग पाडले. त्याने डावे-उजवे ओळखले. नियम आठवला. नियमावरून निष्कर्ष काढला. वर थट्टाही केली. मी त्याच्या पायथ्याशीच बसले.

वहिनी मात्र पुढे झाली. "अहो, मी कोण?"

दादाने तिच्याकडे नीट पाहिले. "नवऱ्याले विचारून राहिली, मी कोण म्हणून! हिलेच भरती करा इथं."

वहिनीने पिशवीतून डबा काढला, बाकावर पाय वर घेऊन बसली आणि गार झालेली पोळी वांग्याच्या भाजीबरोबर शांतपणे खाऊ लागली.

संध्याकाळी डॉक्टरांनी वार विचारला, तो दादाने चुकीचा सांगितला. त्यांनी तक्त्याची हकीकत ऐकली तेव्हा हसून म्हणाले, "वार येईल हळूहळू."

दादा घरी आला तेव्हा मी चित्र नव्याने काढले. या वेळी कागद सुलटा ठेवून. खुर्चीवर बसून त्याने तक्ता हातभर दूर धरला. निळा क्रॉस गळ्यात, लोखंडी क्रॉस डावीकडे.

"हां," तो म्हणाला, "आता जिता झाला." आणि वहिनीला हाक मारून चहा मागितला.