पंच म्हणून सही

वारूळवाडीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांची जुनी तार काढायची, नवी भरायची. पण खरं सांगू? दुकान चालायचं ते माझ्या तोंडावर. सकाळी पेपर आला की चार-पाच टाळकी बाकड्यावर हजर. माझे हात तारेत आणि तोंड देशाच्या कारभारात. कुणाला मंत्री ठेवायचं, कुणाला घरी बसवायचं, कुणाला फाशी द्यायची, सगळं दहाच्या आत निकालात निघायचं. "वकील कशाला पायजे राव? तोंड बघितलं की कळतं चोर कोण ते!" हे माझं ठरलेलं वाक्य. मंडळी हसायची आणि मला आणखी चेव यायचा. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. टीव्हीवर मोठमोठ्या खटल्यांच्या बातम्या असायच्या आणि साक्षीदार फितूर झाला हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. पोलिसांपुढं एक बोलायचं आणि कोर्टात शेपूट घालायची! "अशांना आधी आत टाका," मी ओरडायचो. "एकदा सही केली म्हणजे केली. मागं फिरतो तो कसला मर्द?"

मग आमच्याच शिवारातली एक मोटार चोरीला गेली. ज्याची गेली तो बागाईतदार माझं जुनं गिऱ्हाईक. त्याच्याकडं टोमॅटोला पाणी धरायला एक माणूस होता, आहुप्याच्या बाजूचा, डोंगरातला. पावसाळ्यात वर आपली भाताची खाचरं करायचा, कापणी आटपली की खाली कामाला यायचा. अबोल गडी. माझ्याकडं फ्यूजची तार न्यायला आला की दाराबाहेरच उभा राहायचा, आत ये म्हटलं तरी यायचा नाही. पोलिसांनी त्यालाच उचललं. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी निकाल देऊन टाकला, "दुसरं कोण असणार? हितं ना त्याचं घर ना दार."

दोन दिवसांनी दुकानासमोर जीप थांबली. मागं चिखलानं माखलेली मोटार, तिच्या शेजारी तो, मान खाली घालून. ओळखीचा हवालदार कागद घेऊन उतरला.

"भाऊ, पंच पायजे. चोरानं उसातनं मोटार काढून दिलीय. सह्या टाका, लई घाई हाय."

मोटार काढताना पंच तिथं हजर असावा लागतो, हे मला चांगलं माहीत होतं. पेपर वाचणारा माणूस मी! पण गिऱ्हाईक खोळंबलं होतं, आणि हवालदारानं एवढ्या माणसांतून मलाच हाक मारली याचा मला मोठेपणा वाटला. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी सह्या ठोकल्या. एक ओळ वाचली नाही. हात तेलकट होते, माझ्या अंगठ्याचा डाग कागदाच्या कोपऱ्यावर उमटला. तो जीपमधून बघत होता.

दीड वर्षानं मला समन्स आलं. मृग तोंडावर आला होता. इस्त्रीचा सदरा घालून, छाती काढून मी कोर्टात गेलो. व्हरांड्यात त्याची बायको उभी होती, तिनं मला बाजूला गाठलं.

"दादा, खरं तेवढं सांगा. ह्यांना आत टाकलं तर आमची लावणी बुडंल. घरात दुसरा बाप्या न्हाई."

"खरंच सांगनार बाई," मी म्हणालो. "मी काय फितूर व्हनारा मानूस न्हाई."

आणि हे बोलताना मी मनापासून बोललो होतो, हेच मला आज सहन होत नाही.

त्याचा वकील अगदी कोवळा होता. त्यानं विचारलं, "मोटार काढली त्या जागेवर तुम्ही स्वतः होता का?"

'नव्हतो' एवढंच म्हणायचं होतं. पण नव्हतो म्हणजे मी न वाचता सही करणारा येडा. नव्हतो म्हणजे मीच तो फितूर, ज्याला मी रोज बाकड्यावर बसून शिव्या घालत होतो. समोरच्या बाजूला तो हात जोडून उभा होता.

"होतो," मी म्हणालो.

"मग काय काय पाहिलं ते सांगा."

अन् सुटला की माझ्या तोंडाचा पट्टा! बांधावरची बाभळ सांगितली. उसाची तिसरी सरी सांगितली. यानं पाचट कसं बाजूला केलं, ओला चिखल कसा हातानं उकरला, सगळं डोळ्यांपुढं उभं केलं. जज्जसाहेब मान खाली घालून लिहीत होते. शेवटी वकिलानं कागद माझ्यापुढं धरला. "सही तुमचीच?" कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा डाग तसाच होता, नुसता पिवळा पडला होता.

"माझीच."

पंधरा दिवसांनी त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. पंचाची साक्ष भरवशाची वाटते असं निकालात लिहिलंय, हे हवालदारानं मला मुद्दाम येऊन सांगितलं. बाकड्यावरच्या मंडळींनी पाठ थोपटली. "साक्षीदार असावा तर आसा!" मी सगळ्यांना चहा पाजला. चहा पाजला, अहो! लाज कशी वाटली नाही मला?

तीन-चार वर्षं गेली. एका सकाळी पेपर रंगात आला होता आणि दाराबाहेर तो उभा दिसला, केस पिकलेला. तार खाली ठेवून मी बाहेर गेलो. काय बोलावं सुचेना, म्हणून भात कसाय विचारलं.

"त्या साली लावणी झालीच न्हाई. बैल गेलं. आता खाचरं दुसऱ्याकडं हायती." मग म्हणाला, "भाऊ, तुमी तिथं नव्हता."

मी तेलकट हात सदऱ्याला पुसू लागलो.

"मी बी नव्हतो."

शिक्षा भोगून झाल्यावर खोटं बोलायला कुणी डोंगरातून एसटीनं एवढ्या लांब येत नाही. मी त्याचा हात धरायला गेलो, त्यानं तो हळूच सोडवून घेतला.

"कोर्टात बी मी ह्येच सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "पर तुमी बोलता लई चांगलं."

एवढंच बोलून तो एसटी स्टँडच्या दिशेनं गेला. मी आत येऊन तार हातात घेतली.

"कोन व्हतं?" बाकड्यावरून एकानं विचारलं.

"गिऱ्हाईक," मी म्हणालो, आणि कुणाला काही शंकासुद्धा आली नाही.