न मोजलेली गोळी

रोज सकाळी निघण्याआधी तो काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी तळहातावर ठेवून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालायचा. थेंब सांडला नाही तर बूट घालायचा, सांडला तर पुन्हा पहिल्यापासून. बायको म्हणायची, “अहो, गोळी तुम्ही झाडत नाही, शिकंजा झाडतो. हात कापला काय नि न कापला काय!”

तिचं खरं होतं. लष्कराच्या चाचणी-मैदानावर त्याचं काम रायफल लोखंडी शिकंज्यात आवळायची, मागून दोरीने चाप ओढायचा आणि शंभर मीटरवरच्या कागदावर पडलेल्या पाच भोकांपैकी सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं, एवढंच. माणसाचा हात मध्ये आला की चूक बंदुकीची की नेमबाजाची हे कळत नाही, म्हणून हातच वगळायचा. सगळे त्याला मिलीमीटर म्हणत. मुळात तो भित्रा. अठरा वर्षांत बार उडताना त्याने एकदाही डोळे उघडे ठेवले नव्हते.

त्या आठवड्यात प्रशिक्षण शाळेतून अकरा रायफली आल्या. त्या वापरणारे अकरा रंगरूट नेमबाजीत तीनदा नापास झाले होते. रायफलीत खोट निघाली तर पोरांना आणखी एक संधी मिळणार होती, नाहीतर शुक्रवारी सकाळी त्यांना घरी पाठवायचं होतं.

त्याने नेहमीसारखं काम केलं. नळीतलं तेल फडक्याने पुसलं, नळी तापावी म्हणून दोन गोळ्या वाळूत झाडल्या आणि मग कागदावर पाच. दहा रायफली चोख निघाल्या. “रायफल ठीक, दोष हाताचा,” असं लिहून त्याने सही केली आणि दहा अहवाल वर गेले.

अकराव्या वेळी फडकी संपली. गुरुवारची दुपार, घरी जायची घाई. त्याने नळी न पुसताच थेट कागदावर पाच गोळ्या झाडल्या. चार एकमेकींना चिकटून बसल्या. पहिली मात्र चांगली चार बोटं वर.

शिकंजा सैल असेल म्हणून त्याने तो पुन्हा आवळला. सकाळी तपासून, तेल लावून ठेवलेली एक रायफल घेतली. पहिली गोळी वर. आणखी एक घेतली. पहिली वर.

थंड, तेलकट नळीतली पहिली गोळी वर जात होती. शाळेत रायफली शस्त्रागारातून तेल लावूनच बाहेर येतात. पोराची पहिली गोळी वर जाते, शिकवणारा उस्ताद ओरडतो, “खाली धर!” आणि जो पोरगा मुकाट्याने ऐकतो त्याच्या बाकीच्या गोळ्या खाली जातात. म्हणजे नापास झाले होते ते आज्ञाधारक. आणि ज्या गोळीने त्यांचा घात केला, ती तो अठरा वर्षं वाळूत झाडत आला होता.

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला त्याने हळूच सांगितलं. तो म्हणाला, “मिलीमीटर, तेरा महिने राहिलेत तुझे. ये रे बैला, मार मला, असं कशाला? कागद मिटव आणि घरी जा.”

संध्याकाळी जेवताना त्याने घरी सांगितलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं. “पोरं किती?”

“अकरा. आत्ताची. आधीची कोण जाणे.”

“मग आधी अकरांचं बघा.”

सकाळी तो कागद घेऊन साहेबांकडे गेला. साहेबांनी ऐकलं. “अठरा वर्षं हेच करताय? कुणी सांगितलं?”

“माझ्या आधीच्याने, साहेब. त्याला त्याच्या आधीच्याने.”

“दाखवा मला.”

रात्रीत थंड झालेल्या अकराही नळ्यांना त्याने पुन्हा तेल लावलं. थंड, तेलकट नळीची पहिली गोळी एकदाच मिळते. ती गेली की नळी तापते. म्हणजे अकरा रायफली, अकरा गोळ्या. साहेब दुर्बीण लावून उभे राहिले. त्याने दोरी ओढली.

“मधोमध,” साहेब म्हणाले.

त्याने दुसरी रायफल शिकंज्यात आवळली. पुन्हा दोरी ओढली.

“वर.”

तिसरी वर. चौथी वर. अकरापैकी नऊ वर गेल्या. साहेबांनी दुर्बीण खाली केली. मग त्यांनी शाळेला फोन लावला. पोरांनी नळ्या पुसून पुन्हा नेम धरला. आठ जण पास झाले. पहिली गोळीही मोजायची, असा नियम झाला.

त्याला कुणी रागावलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. कुणी रागावून टाकलं असतं तर हिशेब मिटला असता. निवृत्तीनंतर दाराची घंटा वाजली की तो आतल्या खोलीत जाऊन बसायचा. बायकोला खुणेने सांगायचा, मी घरी नाही म्हण. पूर्वी कधीतरी घरी पाठवलेला कुणी, आता पोक्त झालेला, पत्ता शोधत येईल आणि विचारेल, माझा कागद तुम्हीच मोजला होता का? यावर काय बोलायचं, ते त्याला दोन वर्षांत सुचलं नव्हतं.

एका दुपारी तो बनियनवर पेपर वाचत बसला होता. घंटा वाजली. बायको सवयीने त्याच्याकडे बघत उठली. या खेपेला तो आतल्या खोलीत गेला नाही. दारात विजेचं मीटर बघायला आलेला माणूस होता, पण ते त्याला कळायच्या आतच, शर्टाच्या खुंटीकडे जाता जाता, तो कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. त्याआधी, पेपरची घडी घालताना, तो एवढंच म्हणाला होता, “अगं, उघड दार. त्यांना बसायला सांग, मी शर्ट घालून आलो.”