उभं राहण्याची नोकरी

माझ्या नणंदबाई नर्स होत्या. 'होत्या' म्हणताना अजून जीभ अडखळते. बाई धडधाकट आहेत, आणि सुई अशी टोचतात की टोचल्यावर माणूस विचारतो, कधी टोचणार? पण नर्स म्हणून त्यांना राहू दिलं नाही. कुणी आणि कसं, ते सांगते.

त्या आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. मी ताई म्हणते. लग्न केलं नाही, हाडांच्या वॉर्डात जन्म घालवला. मी घरात नवी होते तेव्हा मी अंथरलेली चादर त्या पुन्हा उचलायच्या, कोपरे ताणून घालायच्या. मला वाटायचं, नणंद आहे, खोड काढणारच. पुढे कळलं, बाईंचे हातच गप्प बसत नाहीत. टीव्ही कितीही मोठ्यानं लावा, त्या बिनघोर झोपत. शेजारच्या आजोबांच्या खोकल्याचा आवाज बदलला की मात्र उठून चपला शोधत.

वॉर्डात त्यांचा धाक होता. मुली त्यांना 'हेडमास्तर' म्हणत, तेही त्यांना ऐकू जाईल असं. तक्रार नव्हती कुणाची. शिकायचं तर हेडमास्तरांच्या हाताखाली, असं मुलीच एकमेकींना सांगायच्या.

मग हॉस्पिटल एका कंपनीनं घेतलं आणि नवे व्यवस्थापक आले. आधी कुठल्याशा मोठ्या हॉटेलात होते. आल्या आल्या खालच्या दालनात सोफे, कारंजं आणि काचेच्या भिंती केल्या, म्हणून मुलींनी त्यांचं नाव ठेवलं 'लॉबीवाले'. पहिल्याच सभेत त्यांनी फर्मान काढलं, पेशंट म्हणायचं नाही, पाहुणे म्हणायचं.

ताईंनी हात वर केला. "साहेब, तुमच्याकडे पाहुण्यांना एनिमा देतात का हो?"

सभा हसून लोळली. लॉबीवाले हसले नाहीत. त्या दिवसापासून ताई त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागल्या.

काही दिवसांनी वॉर्डातल्या खुर्च्या नाहीशा झाल्या. ताई सकाळी ड्यूटीवर गेल्या तर नर्सच्या टेबलाच्या जागी छातीइतका उंच, चकचकीत ओटा, आणि खुर्ची एकही नाही. कंपनीचे कुणी बडे साहेब फेरीला आले होते, त्यांना दोन नर्स बसलेल्या दिसल्या म्हणे. बसलेली नर्स म्हणजे रिकामी नर्स. पेशंटचे कागद लिहायला, औषधांचा हिशेब जुळवायला माणूस बसतं, हे सांगायचं कुणाला? लॉबीवाल्यांच्या स्वतःच्या केबिनमधली खुर्ची मागे रेलायची, पुढे झुकायची, गोल फिरायची. ती कुणाला रिकामी वाटली नाही.

ताई घरी येऊन गरम पाण्यात पाय घालून बसायच्या. पिंडऱ्यांवरच्या निळ्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. मी चिडायचे, "तुम्ही बोलत का नाही?"

"बोलले गं. म्हणाले, प्रसन्न दिसायला शिका."

वॉर्डातली सगळ्यांत लहान नर्स, तिला सगळ्या धाकटीच म्हणत, तेव्हा पोटुशी होती. पाय सुजून बुटात मावेनात. ताई तिला घेऊन लॉबीवाल्यांकडे गेल्या. हिला बसून करायचं काम द्या, निदान एक स्टूल तरी द्या, म्हणाल्या.

साहेबांनी काय उत्तर द्यावं? "गरोदरपण म्हणजे आजार नव्हे, असं तुम्हीच पाहुण्यांना सांगता ना सिस्टर?"

त्याच आठवड्यात, भरदुपारी, भेटायला येणाऱ्यांच्या गर्दीत धाकटी औषधांच्या ट्रॉलीवर कोसळली. कपाळ फुटलं. बाटल्या फुटल्या. बाळ वाचलं, ते ताईंनी तिला पडता पडता कुशीवर झेललं म्हणून. आणि शुद्धीवर आलेल्या पोरीच्या हातात काय दिलं असेल? नोटीस. हॉस्पिटलच्या मालाचं नुकसान केल्याची आणि पाहुण्यांना घाबरवल्याची.

त्या संध्याकाळी ताई जेवल्या नाहीत. सकाळी उठून पाहते तर त्या स्वयंपाकघरातल्या खुर्च्या दाराबाहेर काढतायत.

"अहो ताई, आम्ही कशावर बसायचं?"

"जमिनीवर बसा. तुम्हाला उठायची मुभा आहे, बसायचीही आहे."

ह्यांनी खुर्च्या टेंपोत चढवल्या. बहिणीपुढे बोलायची ह्यांची कधीच छाती झाली नाही; त्या दिवशी तर बोलायचं नव्हतंच.

वॉर्डात उंच ओट्यामागे आमच्या घरच्या खुर्च्या लागल्या. एकीची पाठ मोडकी, सुतळीनं बांधलेली. मुली पाळीपाळीनं बसून कागद लिहायला लागल्या. जेमतेम दुपार होते न होते तोच लॉबीवाले वॉचमनला घेऊन हजर.

"हे भंगार कुठून आलं?"

"माझ्या घरून," ताई म्हणाल्या.

"उचला."

वॉचमन जागचा हलेना. त्याच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन याच वॉर्डात झालेलं. तो हळूच म्हणाला, "सिस्टर, माझी पण नोकरी आहे हो."

"तुझ्यावर राग नाही रे. घे उचलून. पाठ मोडकी आहे तिची, सांभाळून धर."

तेवढ्यात मोठे सर्जन फेरीला आले. ताई ज्यांच्या कित्येक वर्षं शेजारी उभ्या राहिल्या, ज्यांचे पेशंट ताईंच्या जिवावर बरे होऊन घरी गेले, तेच हे. घरी जाऊन ते म्हणत असतील, माझा वॉर्ड फार चांगला आहे. ते थांबले, खुर्च्यांकडे बघितलं, ताईंकडे बघितलं, घड्याळात बघितलं आणि पुढच्या खाटेकडे वळले. लॉबीवाल्यांचा मला संताप येतो. पण या माणसाचं आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. एक वाक्य बोलायचं होतं त्यांनी. त्यांना कोण काढणार होतं?

ताईंची बदली तळघरात झाली, चादरी-उशांच्या कोठीत. तिथे मात्र खुर्ची होती! दिवसभर बसा आणि धोब्याकडून आलेले गठ्ठे बघा. वर माणसं विव्हळतायत आणि हे हात खाली अभ्र्यांच्या घड्या घालतायत.

मुली पटापट गळाल्या. एक परदेशी गेली, एक दातांच्या दवाखान्यात फोन उचलायला लागली. धाकटी बाळंतपणानंतर परत आलीच नाही. सगळ्यांत जुनी होती तिनं तर कपड्यांच्या दुकानात नोकरी धरली. म्हणाली, तिथेही उभंच राहायचं असतं, पण कुणी मरत नाही. त्यांच्या जागी कंपनीनं ठेकेदाराकडून मुली आणल्या. पाय टेकायच्या आत सोडून जाणाऱ्या. दोन वॉर्ड मिळून एकच नर्स.

व्हायचं तेच झालं. एक म्हातारे गृहस्थ लघवीला जायचं म्हणून घंटा वाजवत राहिले. नर्स दुसऱ्या वॉर्डात रक्त चढवत होती. वाट बघून ते स्वतःच उठले, पडले, आणि नुकताच बसवलेला सांधा निखळला. नातेवाईक खवळले. चौकशी बसली. आणि दोषी कोण ठरावं? तीच एकटी मुलगी. 'कामात हलगर्जी.'

ताई न बोलावता चौकशीच्या खोलीत गेल्या. "ती एकाच वेळी दोन ठिकाणी नव्हती, हा तिचा गुन्हा का? बाकीच्या नर्स कुठे गेल्या ते विचारा ना. मी सांगते, कुणी घालवल्या त्या."

"सिस्टर, तुमचं खातं चादरींचं," लॉबीवाले म्हणाले.

मुलीला काढलं. लॉबीवाल्यांना कंपनीनं याहून मोठं हॉस्पिटल दिलं, कारण खर्च कमी झाला होता ना! ताईंनी त्याच दिवशी राजीनामा टेबलावर ठेवला. निरोपसमारंभ नाही, की दोन बरे शब्द नाहीत. वॉचमन तेवढा फाटकापर्यंत पिशवी घेऊन आला.

हे सगळं आमच्या घरात, माझ्या लेकीच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. ती आत्याच्या पायांना तेल चोळत मोठी झाली. लहानपणी बाहुल्यांना बँडेज बांधायची. बारावी झाल्यावर म्हणाली, "आत्या, मी नर्सिंगला जाते."

मला वाटलं, ताई तिला पोटाशी धरतील. त्यांनी हातातला पेला खाली आपटला. "या घरातून आता एकही मुलगी जाणार नाही तिकडे. बघितलंस ना सगळं? डोळे आहेत ना तुला?"

"पण तूच म्हणायचीस, यासारखं काम नाही."

"यासारखं काम नाहीच. काम सोन्यासारखं आहे. पण ते करू देत नाहीत गं." आणि खोलीचं दार लावून घेतलं. आयुष्यभर मुलींना या कामाला लावणारी बाई, स्वतःच्या भाचीला त्यातून ओढून काढत होती. यापेक्षा मोठं नुकसान कुठल्या कंपनीला मोजता येईल?

लेक हट्टी नाही. ती आता बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करते.

गेल्या महिन्यात समोरच्या काकूंना जिन्यात फिट आली. आरडाओरडा ऐकून ताई धावल्या, पण लेक आधीच पोचली होती. तिनं काकूंना कुशीवर वळवलं होतं, डोक्याखाली ओढणीची घडी सारली होती, आणि तोंडात चमचा कोंबायला आलेल्या काकांना शांतपणे बाजूला केलं होतं. ताई दोन पायऱ्या वरच थांबल्या. त्यांना काही करायला उरलंच नव्हतं.

घरी आल्यावर त्या माझ्याजवळ ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"पोरीचे हात बघितलेस?" म्हणाल्या. "जरासुद्धा थरथरले नाहीत."

"मग जाऊ दे ना तिला, ताई."

त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मला वाटतं, त्यांनाही कळलं नसावं.